शुगर आहे का कुणाकडे?

आमच्या ह्यांना चोरून गोड खायची सवय आहे, हे मी सुरुवातीलाच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना कुणी एकट्या मला दोष देणार नाही. दिला तरी तो मी घेणार आहे, पण निम्मा.

भीमराव ओव्हाळ, वय त्रेसष्ट, खडकीच्या कारखान्यातून निवृत्त. बारा वर्षं मधुमेह आणि गेली चार वर्षं इन्सुलिन, दिवसातून तीन वेळा, जेवणाआधी. मी शैला, त्यांची बायको. महापालिकेच्या शाळेत सव्वीस वर्षं पी.टी. शिकवली. माझ्या हाताखालून गेलेली पोरं आता बापे झाली, तरी रस्त्यात मला बघून पाठ ताठ करतात. शरीराला शिस्त लावली की ते ऐकतं, माणसाला लावली की तोही ऐकतो, यावर माझा फार विश्वास होता.

पुण्यातला तो पाच दिवसांचा संगीत महोत्सव आम्ही गेली कित्येक वर्षं मागच्या खुर्च्यांवर बसून ऐकत आलो. या डिसेंबरात मात्र गोष्ट वेगळी होती. तिसऱ्या दिवशी दुपारी तीन वाजता पहिलं गाणं आमच्या लेकीचं, तनयाचं होतं. पत्रिकेत छापलं होतं, तनया ओव्हाळ, गायन. ह्यांनी ती पत्रिका प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून कपाटात ठेवली, घराच्या कागदपत्रांवर.

ताल ह्यांच्या घरातच होता. माझ्या सासऱ्यांची ढोलकी आंबेडकरी जलशांबरोबर गावोगाव फिरलेली. ह्यांच्या हातात ढोलकी आली नाही, कारखान्याची पाळी आली, पण हात गप्प बसला नाही. तनया दहा वर्षांची झाली तेव्हापासून हे तिला खडकीहून स्कूटरवर सदाशिव पेठेत गाण्याच्या बाईंकडे शिकायला न्यायचे आणि शिकवणी संपेपर्यंत बाहेर जिन्यात चपलांशेजारी बसायचे. आत बसू नका असं कुणी म्हटलं नव्हतं. या, बसा, असंही म्हटलं नव्हतं. जिन्यात बसून गुडघ्यावर बोटांनी मात्रा मोजत हे सगळे ताल शिकले. घरी तनया रियाजाला बसली की हे समोर बसायचे, उजवा हात गुडघ्यावर, आणि समेला, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेला, तळहात थाप देऊन पडायचा. सोळा वर्षांत तो हात चुकलेला मी पाहिला नाही. ती डोळे उघडून गायची ती फक्त त्या हाताकडे बघायला.

मी तिला गाण्यातलं काही सांगू शकत नाही. मी एकच गोष्ट शिकवली. एकदा सुरू केलंस की थांबायचं नाही. तोंडचं पाणी पळालं तरी नाही, डोक्यावर पंखा पडला तरी नाही. "दुसरं कुणी थांबलं तर लोक कारण विचारतात," मी तिला म्हणायचे, "आपण थांबलो तर लोक आडनाव लक्षात ठेवतात." हे बोलणं कडू होतं, पण ते मी अनुभवातून बोलत होते.

आणि महोत्सव म्हणजे काही नुसतं गाणं नसतं, ती शरीराची परीक्षा असते. पाच दिवस एका जागी बसायचं, दुपारचं ऊन, संध्याकाळी हाडात शिरणारी थंडी, धूळ, आणि बाहेर तळणीचे स्टॉल. दुसऱ्या दिवसापर्यंत निम्मा मांडव खोकत असतो. म्हणून मी आधीच वेळापत्रक केलं आणि फ्रिजवर लावलं. दर तासाला चार घोट कोमट पाणी. गाणं चालू असताना मध्येच कुणी उठायचं नाही. दोन गाण्यांच्या मध्ये उठून घोटे फिरवणे, दहा उजवीकडे, दहा डावीकडे. मान, खांदे. शाल, कानटोपी. झोप सात तास. बाहेरचा वडा नाही, मिसळ नाही, आणि गोड तर नावालाही नाही. पिशवीत बदाम, भाजलेले दाणे, काकडी, ताक आणि शुगर-फ्री बिस्किटं. पहिले दोन दिवस आम्ही असे काढले की आजूबाजूचे लोक पेंगत होते आणि आम्ही ताजेतवाने. हे स्टॉलवरच्या मूगडाळीच्या हलव्याकडे बघून उसासा टाकायचे. मी घड्याळ बघून म्हणायचे, "चला, घोटे."

तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांचा इस्त्रीचा शर्ट हँगरवरून काढताना खिसा जड लागला. आत लिमलेटच्या चार गोळ्या.

"हे काय आहे?"

"अगं, डॉक्टरांनीच सांगितलंय, जवळ ठेवा म्हणून. कधी शुगर उतरली तर."

"डॉक्टरांनी एक सांगितली असेल. तुम्ही चार ठेवता." मी चारही कचऱ्याच्या डब्यात टाकल्या. "चोराच्या हाती किल्ल्या द्यायला मी काही एवढी भोळी नाही. आणि शुगर उतरेलच कशी? मी आहे ना बरोबर."

त्यांनी शर्ट घातला आणि रिकाम्या खिशाचं बटण लावलं.

तनया सकाळीच गेली होती. जाताना मी तिच्या हातात तिची स्टीलची डबी दिली. गाताना घसा कोरडा पडू नये म्हणून ती खडीसाखर जवळ ठेवते. घरात साखर म्हणून तेवढीच, माझ्या कुलपात. त्या दिवशी मी डबी शिगोशीग भरून दिली.

आम्ही दीडला मैदानावर पोचलो. दारात नवा फलक होता, जेवणाचे डबे आत नेता येणार नाहीत, काउंटरवर ठेवून टोकन घ्या. आमचं ठरलंच होतं, बाहेरच्या बाकावर जेवायचं आणि मग आत जायचं. बरोबर दोनला ह्यांनी पोटावर इंजेक्शन घेतलं. मी डबा उघडणार, तोच दरवाजे उघडले आणि रांग मोडून लोक पळायला लागले. साठी उलटलेली माणसं, गुडघ्यांची ऑपरेशनं झालेली, अशी धावतात की मला माझ्या शाळेतल्या पोरांची कीव आली.

"मधोमध जागा हवी," हे म्हणाले. "तिला माझा हात दिसला पाहिजे."

"मी धरते. तुम्ही जेवून या. पूर्ण जेवायचं."

मी पळाले. भारतीय बैठकीत चौथ्या रांगेत, स्टेजच्या अगदी समोर, दोन माणसांची जागा धरून बसले. शेजारी एक आजी आधीच ठाण मांडून होत्या. नऊवारी, पायात लोकरी मोजे, हातात पंखा. मी बाजूला ह्यांच्यासाठी रुमाल टाकला.

"तो रुमाल गाणं ऐकणार आहे का?" आजींनी विचारलं.

"आमचे हे येतायत."

"या वर्षीपासून रुमाल टाकून जागा धरता येत नाही. माणूस हवा. मी चाळीस वर्षं येतेय, नियम मला सांगू नका." आजींनी आपलं नाव दुर्गाबाई असल्याचंही सांगितलं, जणू तेही नियमातच होतं. मीही ऐकून घेणाऱ्यांतली नाही. आमचं बरंच वाजलं. तेवढ्यात हे आले आणि रुमालावर बसले. दहाच मिनिटं झाली होती.

"झालं जेवण?"

"झालं."

कारखान्यात अर्ध्या तासाच्या सुट्टीत जेवायची सवय, हे नेहमीच भराभर जेवतात. मला संशय आला नाही. आपल्याकडे जेवण झालं का, असं कुणी विचारलं की तोंडातून झालंच येतं, पोटात कावळे कोकलत असले तरी. हे मला माहीत नव्हतं असं नाही. पण मी तेव्हा दुर्गाबाईंशी भांडण जिंकल्याच्या आनंदात होते.

तीनला पडदा सरकला. तनया मध्ये बसली होती, मोतिया रंगाच्या साडीत, मागे दोन तानपुरे, एका बाजूला तबला, एका बाजूला पेटी. उजव्या गुडघ्याशी पाण्याचा पेला आणि ती डबी. तिने एकदा आमच्याकडे बघितलं, हातच शोधला असणार, आणि भीमपलासीचा पहिला सूर लावला. दुर्गाबाईंचा पंखा थांबला.

ख्याल विलंबित एकतालात होता. त्याचं एक आवर्तन म्हणजे पाऊण मिनिट, हे मला ह्यांच्यामुळे माहीत. गुडघ्यावर बोटं मात्रा मोजत होती, बारा झाल्या की तळहात पडत होता, आणि त्याच क्षणी तनयाचा मुखडा समेवर येत होता. दहा-बारा आवर्तनं अशी गेली. मागे कुणीतरी "वा" म्हणालं. मी इकडेतिकडे बघितलं, कोण म्हणालं ते लक्षात ठेवायला.

मग तळहात पडला आणि सम आली नाही.

मला वाटलं, माझंच मोजणं चुकलं. पुढच्या वेळी मी नीट बघितलं. त्यांचा हात पडला तेव्हा तनया अजून वरच्या सुरात होती, तबलाही सम सोडून दुसरीकडेच होता. तिसऱ्या वेळी हात उचललाच नाही. बोटं गुडघ्यावरून घसरून सतरंजीवर आली आणि तिथे काहीतरी चाचपडत राहिली.

"अहो."

त्यांनी मान वळवली. कपाळावर घाम होता, मानेवर होता, शर्टाची कॉलर ओली झाली होती. डिसेंबरात. त्यांनी माझ्याकडे बघितलं ते ओळख नसल्यासारखं.

"भोंगा झाला का?" त्यांनी विचारलं.

कारखान्याचा भोंगा ऐकून ह्यांना पाच वर्षं झाली होती.

"जेवलात ना तुम्ही? अहो, जेवलात ना?"

त्यांनी डावी मूठ उघडली. तळहातावर पिवळं टोकन होतं, घामानं भिजलेलं. डबा जसाच्या तसा काउंटरवर ठेवून ते आत आले होते. पोटात इन्सुलिन होतं आणि अन्नाचा कण नव्हता.

मी पिशवी मांडीवर रिकामी केली. बदाम. दाणे. काकडी. ताक, बिनसाखरेचं. बिस्किटं, बिनसाखरेची, पुड्यावर मोठ्या अक्षरांत तसं लिहिलेलं. माझ्या पिशवीत सगळ्या मांडवाला पुरेल एवढं आरोग्य होतं आणि साखरेचा एक दाणा नव्हता. मी बिस्किटाचा तुकडा त्यांच्या तोंडात घातला. तो तसाच राहिला. ते चावायचं विसरले होते.

मी दुर्गाबाईंकडे वाकले. "शुगर आहे का हो तुमच्याकडे?"

"मला नाही हो," त्या कुजबुजल्या. "मला बीपी. शुगर आमच्या धाकट्या जावेला."

"तसं नाही. ह्यांची शुगर कमी झालीये."

"मग बरंच झालं की. काय पथ्य केलंत?"

माझा जीव टांगणीला लागला होता आणि ही बाई मला पथ्य विचारत होती. मी पुढच्या रांगेतल्या गृहस्थांच्या खांद्याला हात लावला. "शुगर आहे का कुणाकडे?"

"मला आहे," ते मागे न बघता म्हणाले. "अठरा वर्षं झाली."

मागून कुणीतरी "शूऽऽ" केलं. पण कुजबुज रांगेत पसरली होती. ती कानोकानी पुढे कशी गेली ते मला ऐकू येत होतं. त्यांना शुगर आहे. त्यांना शुगरचा त्रास होतोय. त्यांना शुगरची गोळी हवीय. रांगेच्या टोकाला एक बाई पर्समध्ये शोधायला लागल्या आणि तिथून एक गोष्ट हातोहात माझ्याकडे यायला लागली. देव पावला असं मी म्हणत नाही, आमच्यात म्हणत नाहीत, पण त्या क्षणी मला तसंच काहीतरी वाटलं. मी हात पुढे केला. दुर्गाबाईंनीच ती आधी घेतली, बोटानं दाबून पांढरी गोळी बाहेर काढली आणि ह्यांच्या ओठांशी नेली. "तोंड उघडा. शाब्बास."

त्यांनी तोंड उघडलं. मघाशी बिस्किटाला न हललेलं तोंड आजींच्या दटावणीला उघडलं.

माझं लक्ष दुर्गाबाईंच्या दुसऱ्या हातातल्या चकचकीत पाकिटाकडे गेलं. त्यावरचं नाव मी रोज वाचायचे. ह्यांना इन्सुलिन सुरू व्हायच्या आधी हीच गोळी होती. साखर उतरवायची.

मी दुर्गाबाईंच्या हातावर फटका मारला. गोळी सतरंजीवर पडली.

"ही शुगरची गोळी आहे," त्या दुखावून म्हणाल्या. "तुम्हीच मागितलीत."

"ती शुगर कमी करायची आहे. ह्यांना साखर हवीय. साखर. गोड."

"शुगर असताना गोड?" दुर्गाबाईंनी डोळे मोठे केले. मग हळूहळू त्यांचा चेहरा उतरला. त्यांना कळलं. पण त्यांच्या कनवटीला वेलदोडा आणि लवंग याशिवाय काही नव्हतं. पुढच्या रांगेत नव्हतं, मागच्या रांगेत नव्हतं. डबे आत न्यायला बंदी, आणि आमच्या वयाच्या माणसांनी गोड बाळगणं कधीच सोडलेलं.

बिल्ला लावलेली एक स्वयंसेविका रांगांमधून वाकत आली. बिल्ल्यावर अपेक्षा असं नाव होतं. "काय चाललंय? राग सुरू आहे, ताई. उठायचं असेल तर द्रुत संपल्यावर उठा."

"डॉक्टर बोलवा. ह्यांची साखर उतरलीय."

तिने ह्यांच्याकडे बघितलं आणि तिचा सूर बदलला. "पाच मिनिटं द्या. डॉक्टर मागच्या दारापाशी आहेत, गर्दीतून आणते." ती वाकूनच पळाली.

पाच मिनिटं. ह्यांचं डोकं माझ्या खांद्यावर आलं होतं आणि वजन वाढत होतं. "भीमराव," मी म्हटलं. चौतीस वर्षांत मी त्यांना नावाने हाक मारली नव्हती. "झोपायचं नाही. ऐकताय? झोपायचं नाही." त्यांच्या घशातून नुसता हुंकार आला, तोही अर्धा.

मी समोर बघितलं. तनया गात होती. तिच्या गुडघ्याशी स्टीलची डबी होती, मी सकाळी माझ्या हाताने शिगोशीग भरलेली. मध्ये तीन रांगा आणि स्टेजची कड. शाळेच्या मैदानावर हे अंतर काहीच नाही.

पण मी हाक मारली नाही. सोळा वर्षं जिन्यात काढलेला माणूस माझ्या खांद्यावर होता, आणि त्या सोळा वर्षांचं जे काही फळ होतं ते समोर पाऊण तासात येणार होतं. मी ओरडले तर ती थांबेल. ती थांबली तर उद्या लोक काय म्हणतील, तेही मला पाठ होतं. मी तेवढा वेळ विचार केला. किती वेळ, ते मला तेव्हा कळलं नाही.

मग त्यांच्या घशातला हुंकारही बंद झाला.

"तनया, डबी."

पी.टी.च्या मैदानावरचा आवाज होता तो. हजारो माणसांच्या मांडवात तो एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेला. माना वळल्या. कुणीतरी "अहो बाई" म्हणालं. गाणं थांबलं.

तनया दचकली नाही. तिचा हात डबीवरच होता. तिने ती पेटीवाल्यांना दिली, त्यांनी स्टेजच्या कडेवरून वाकून पहिल्या रांगेत दिली, आणि डबी डोक्यांवरून, हातांवरून माझ्याकडे यायला लागली. मागून आवाज चढत होते. दुर्गाबाई उभ्या राहिल्या. चाळीस वर्षांत त्या मैफिलीच्या मध्ये उठल्या नसतील.

"आपापल्या जागी गप्प बसा," त्या मागे वळून म्हणाल्या. "इथे माणूस चाललंय. सुराचं काय, तो येईल परत."

मांडव गप्प झाला. फक्त तबल्याचा ठेका चालू होता. तबलजींनी तो सोडला नव्हता, का ते त्यांनाच ठाऊक.

मी खडे सतरंजीवर ओतले, स्टीलच्या बाटलीच्या बुडाने ठेचले, टोपणात कोमट पाण्यात कालवले. दुर्गाबाईंनी ह्यांची हनुवटी धरली. पहिलं टोपण निम्मं शर्टावर सांडलं. दुसऱ्याला घसा हलला. तिसरं गेलं. मी चौथं कालवत होते तेव्हा पुढच्या रांगेतल्या त्या गृहस्थांनी माझ्या हातातून बाटली काढून घेतली आणि स्वतः ठेचायला लागले.

डॉक्टर आले तेव्हा पाच टोपणं पोटात गेली होती. त्यांनी बोटाला सुई टोचली. "बावन्न," ते म्हणाले. "इतकी साखर दिल्यावर बावन्न. अजून द्या." मी आधी किती असेल असं विचारलं नाही.

आम्ही देत राहिलो. ठेका चालू होता. तनया स्टेजवर तानपुऱ्यांच्या मध्ये बसून होती, गात नव्हती, सरळ आमच्याकडे बघत होती. तिच्या तोंडाकडे बघायची माझी हिंमत नव्हती, म्हणून मी ह्यांच्या हाताकडे बघत राहिले. तो सतरंजीवर उताणा पडला होता. मग एक बोट हललं. मग दुसरं. हात ओढत ओढत गुडघ्यावर आला. ते डोळे मिटून होते, पण बोटं मोजत होती, मी त्यांच्याबरोबर मोजलं, नऊ, दहा, अकरा, बारा, आणि तळहात पडला. तबल्याची सम तिथेच होती.

पुढच्या आवर्तनात तनयाने मुखडा उचलला आणि त्या हातावर आणून ठेवला.

मांडवात टाळ्या झाल्या, पण मी त्या ऐकल्या नाहीत. मी रडत होते. दुर्गाबाईंनी मला आपला पंखा दिला, म्हणाल्या, "नाक पुसायला नाही, वारा घ्यायला."

गाणं संपल्यावर आम्ही स्टेजमागच्या तंबूत गेलो. अपेक्षाने टोकन देऊन डबा आणला होता. डॉक्टरांसमोर हे भाकरी खात बसले, खाली मान घालून, शाळेतल्या पोरासारखे.

"खोटं का बोललात?" मी विचारलं.

"तुझं त्या आजींशी भांडण चाललेलं दारातून दिसलं. म्हटलं जागा जाईल. आत येऊन दाणे खाऊ म्हटलं." ते घास गिळून म्हणाले, "मग बरं वाटेना तेव्हा सांगणार होतो. पण तू म्हणाली होतीस ना, मध्येच कुणी उठायचं नाही."

तनया आत आली. बाहेर टाळ्या अजून थांबल्या नव्हत्या, पण तिचा चेहरा पांढरा होता. ती वडिलांच्या पायाशी बसली आणि त्यांचा उजवा हात दोन्ही हातांत धरून ठेवला.

"मला दिसलं होतं, आई," ती म्हणाली. "बाबांची सम चुकली तेव्हाच दिसलं. मी डबीवर हात ठेवून गात होते."

"केव्हापासून?"

"तुझी हाक यायच्या आधी सहा आवर्तनं."

"मग थांबली का नाहीस?"

ती चिडली असती तर बरं झालं असतं. ती साध्या आवाजात बोलली. "तूच सांगितलं होतंस ना. पंखा पडला तरी नाही. मी तुझी वाट बघत होते. तू हाक मारलीस तर थांबायचं, असं ठरवलं होतं."

सहा आवर्तनं. पाऊण मिनिटाचं एक. हा हिशेब करायला मला कागद लागला नाही. साडेचार मिनिटं आमच्या तनयाने साखरेच्या डबीवर हात ठेवून भीमपलासी गायला होता, आणि तिचे वडील चुकत चाललेल्या हाताने गप्प बसले होते, आणि दोघंही माझ्या परवानगीची वाट बघत होते. माझ्या घरात सगळे माझं ऐकतात, याचा मला फार अभिमान होता.

"चुकलं माझं," मी म्हटलं. हे वाक्य मी यापूर्वी कधी बोलले असेन तर मला आठवत नाही.

डबीत तळाशी चार खडे उरले होते. मी ते ह्यांच्या शर्टाच्या खिशात टाकले. शर्ट साखरपाण्याने चिकट झाला होता.

ते खिशाकडे बघून म्हणाले, "डॉक्टरांनी एकच सांगितली होती ना?"

मी खिशाचं बटण लावलं, आणि नीट लागलंय का ते पुन्हा एकदा बघितलं.